माप आपल्या ताटाला



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

सहावा अध्याय हा ध्यानाचा अध्याय. आसन कुठे मांडावं, पाठ आणि मान कशी ठेवावी, नजर कुठे असावी, हे भगवंत अर्जुनाला सांगत असतात. आणि हे चालू असताना मध्येच दोन श्लोक येतात ते जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल. पहिल्यांदा वाचताना वाटतं, एवढ्या मोठ्या विषयात हे ताट-वाटी कुठून आलं?

अर्थ सरळ आहे. जो फार खातो त्याला योग साधत नाही. जो काहीच खात नाही त्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सारखं जागणाऱ्यालाही नाही. मग कुणाला? ज्याचा आहार युक्त, हिंडणं-फिरणं युक्त, कामातली धडपड युक्त, झोप आणि जाग युक्त, त्याचा योग दुःख घालवणारा होतो.

'युक्त' म्हणजे काय? शंकराचार्य आपल्या भाष्यात या शब्दाचा अर्थ ठरावीक परिमाणाचा, म्हणजे मोजका, असा करतात. सोळाव्या श्लोकावर लिहिताना ते एका श्रुतिवचनाचा आधार देतात. त्याचा आशय असा की जे अन्न आपल्या स्वतःच्या मापाचं असतं ते आपल्याला राखतं, त्याहून जास्त झालं तर त्रास देतं, कमी पडलं तर राखू शकत नाही. अर्धं पोट अन्नाला, पाव पाण्याला आणि पाव वाऱ्याला मोकळं, हा योगशास्त्रातला हिशोबही ते तिथेच सांगतात. आपले ज्ञानेश्वर महाराजही या ठिकाणी मोजण्या-मापण्याचीच भाषा बोलतात. फक्त त्यांचं माप युक्तीचं आहे.

म्हणजे जेवण मोजणं हे काही आजच्या फोनवाल्यांचं खूळ नाही. पण मोजायचं कुणाचं आणि कशासाठी, हा आजच्या चिंतनाचा मुद्दा आहे.

माझ्या वयाच्या कितीतरी साधकांच्या फोनमध्ये दोन ॲप्स शेजारी-शेजारी असतात. एकात हरिपाठ, दुसऱ्यात कॅलरी. सकाळी एक उघडायचं, जेवताना दुसरं. आणि मनात कुठेतरी एक खटका असतो: अन्न पूर्णब्रह्म म्हणायचं आणि त्याचे ग्रॅम लिहून ठेवायचे, हे जमतं का एकत्र? हा खटका चांगला आहे. तो दाबून टाकू नका, त्याचं उत्तर शोधू.

आमच्या घरी हे ॲप आलं ते नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. आम्ही इंदापूर तालुक्यातले, पालखीच्या वाटेजवळचं गाव. मी नोकरीला पुण्यात, आई-नाना गावी. नानांची साखर वाढलेली निघाली तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोबत सांगितलं, "महिनाभर काय खाता ते लिहून आणा." नाना लिहिणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत. मग मी सलग दोन आठवडे गावाकडून काम केलं. सकाळी लॅपटॉप आणि स्वयंपाकाच्या वेळी वजनकाटा.

घरच्या जेवणाची नोंद करणं हे हॉटेलच्या जेवणापेक्षा अवघड. ॲपमध्ये 'भाकरी, १ नग' असं सापडतं. पण कुणाच्या हातची? आमच्या आईची भाकरी आणि शहरातल्या पोळी-भाजी केंद्रातली भाकरी यांत दुपटीचा फरक पडू शकतो. शिजल्यावरचं वजनही फसवं, कारण त्यात पाणी किती राहिलं ते दिसत नाही. म्हणून रीत अशी: सगळं कच्चंच मोजायचं. पीठ, डाळ, तेल, कांदा, एकेकाचं वजन घ्यायचं आणि बेरीज करायची. मग शिजलेलं पातेलं वजन करून त्यातून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं. राहिलेल्या वजनात आपल्या ताटात किती आलं, तेवढा आपला वाटा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात ५२८ पदार्थांची माहिती आहे. त्या आधारावर पाहिलं तर ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत साधारण २०० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच तंतू मिळतो. पिठल्याचं पाहा. १०० ग्रॅम बेसनाचे अंदाजे ३५०, एका मोठ्या कांद्याचे ५०, आणि फोडणीच्या दोन मोठ्या पळी-चमच्यांचे, म्हणजे ३० मिलिलिटर तेलाचे, २४०. झाले ६४०. चौघांत वाटलं तर प्रत्येकी १६०. त्यातले ६० नुसत्या तेलाचे, जे कुणाच्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

आता गंमत ऐका. घरात सगळ्यांचा संशय भाकरीवर होता. शेजारपाजारचेही सांगून गेले होते, "नाना, भाकरी कमी करा." आठवडाभराची नोंद समोर आली तेव्हा भाकरी निर्दोष सुटली. सापडला तो चहा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरला तरी ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. म्हणजे एका भाकरीएवढ्या कॅलरी, पण त्यात ना प्रथिनं ना तंतू. चारी बाजूंनी ऊस असलेल्या मुलखात साखर कुणी मोजत नाही, ती हवेसारखी घरात असतेच!

मोजण्याचा पहिला उपयोग हा. मोजल्याने खोटा आरोप मागे घेता येतो. जे मन रोज अंदाजाने बोलतं, त्याला आकडा थोडा गप्प करतो. साधनेतही हेच आहे ना? "माझा जप रोज होतो" असं आपल्याला वाटत असतं. माळ हातात घेतली की कळतं, किती होतो ते. माळेचे १०८ मणी देवासाठी नाहीत, देवाला मोजदाद कशाला लागते? ते आपल्या मनाच्या अंदाजाला शिस्त लावायला आहेत.

बारामतीत राहून ज्यांनी आयुष्यभर मोजून भक्ती केली असे एक कवी आपल्या ओळखीचे आहेत : मोरोपंत. जन्म १७२९, देहावसान १७९४. कऱ्हेकाठच्या बारामतीत नाईकांच्या आश्रयाला राहून त्यांनी आर्याभारत रचलं. आर्या हे मात्रांचं वृत्त. मोरोपंतांच्या आर्या बहुतेक गीती प्रकारातल्या, म्हणजे पहिल्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात पुन्हा १२ आणि चौथ्यात १८. एक मात्रा इकडची तिकडे झाली की आर्या अडखळते. पण कीर्तनात बुवा आर्या म्हणतात तेव्हा तुम्ही मात्रा मोजत बसता का? नाही. तुम्हाला ऐकू येतो तो देव. मोजणं आत जिरून गेलेलं असतं.

मला वाटतं, आहाराच्या मापाचंही असंच व्हायला हवं. आधी मोजायचं, मग हाताला सवय लागते, मग ॲप बाजूला पडतं आणि युक्त जेवण उरतं. वर्षानुवर्षं मोजूनही काटा सुटत नसेल, तर वृत्त जमलं पण आर्या झाली नाही, असं समजावं.

आता दुसरी बाजू. ती जास्त नाजूक आहे.

त्याच दोन आठवड्यांत एका दुपारी आई माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली. शेंगदाण्याच्या चटणीची ओळ लाल झाली होती. तिने विचारलं, "ह्ये लाल का केलंय रं?" मी म्हटलं, "चरबी जास्त आहे असं म्हणतंय." ती काही बोलली नाही. संध्याकाळी ताटात चटणी नव्हती.

मंडळी, इथे थांबून पाहण्यासारखं आहे. चटणीत आकड्याने वाईट काय होतं? २० ग्रॅम चटणीत साधारण १०० कॅलरी आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मळ्यात राबणाऱ्या माणसाची शिदोरी आहे ती. ॲपने चूक सांगितलं असंही नाही, दाण्यात तेल आहेच. पण तो लाल रंग आईला ऐकू कसा आला? तिला वाटलं, आपल्या हातात काही खोट आहे.

तैत्तिरीय उपनिषदात तिसरी वल्ली आहे, भृगुवल्ली. भृगू आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण त्याला तप करायला सांगतो. तप करून भृगूला पहिल्यांदा जे उमगतं ते काय? अन्न हेच ब्रह्म. तो तिथे थांबत नाही, पुढे प्राण, मन, विज्ञान आणि आनंद इथपर्यंत पोचतो. म्हणजे अन्न ही पहिलीच पायरी. पण आनंदापर्यंत पोचल्यावर उपनिषद काय करतं? परत अन्नाकडे वळतं आणि व्रतं सांगतं. पहिलं व्रत : अन्नाची निंदा करू नये. दुसरं : अन्न अव्हेरू नये. तिसरं : अन्न पुष्कळ करावं. आणि चौथं : वस्तीला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये.

शिखरावर जाऊन आलेला माणूस पहिली पायरी विसरत नाही, हे मला फार आवडतं.

आपल्या पिढीत अन्नाची निंदा कशी होते? आपण अन्न फेकत नाही, शिव्याही देत नाही. आपण म्हणतो, "आई, हे सगळं कार्ब्जच आहे." "आजी, यात प्रोटीन कुठंय?" वाक्य माहितीचं असतं, सूर निंदेचा असतो. सकाळी पाचला उठून चुलीपुढे बसलेल्या बाईला आपण तिच्या आयुष्यभराच्या कामाचा रिपोर्ट देतो, आणि तोही नापासाचा. ॲपला सूर नसतो, त्यात फक्त रंग असतात. सूर आपला असतो, आणि तो आपल्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी मी आईला शेजारी बसवून चटणीचा पूर्ण हिशोब दाखवला. प्रथिनं किती, भाकरीबरोबर खाल्ली की ज्वारीला काय जोड मिळते, आणि नानांना एक चमचा कसा बिनघोर चालतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तसं म्हण की. एक चमचा म्हण. लाल कशाला म्हणतो?" चटणी ताटात परत आली. एक चमचा. युक्त आणि निंदा यांतला फरक माझ्या आईने एका वाक्यात सांगितला. प्रमाण सांगावं, दोष देऊ नये.

तिसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ॲपमध्ये घरचा पदार्थ टाकताना शेवटी एक रकाना भरावा लागतो : किती जणांचं? तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मी आईला विचारलं, "आमटी किती जणांची धरू?" तर ती हसायलाच लागली. "आरं, माणसं मोजून कुणी आमटी करतं का? आलं-गेलं असतंय की."

हे हसण्यावारी नेऊ नका. तो एक रकाना म्हणजे दोन जगांची शीव आहे.

आमच्या भागात हे दरवर्षी डोळ्यांनी दिसतं. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी देहूहून निघते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला. पालखी बारामतीत मुक्कामाला येते. पुढे काटेवाडीत पायघड्या म्हणून धोतरं अंथरतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीहून नीरा ओलांडून पालखी अकलूजकडे जाते. या वाटेवरच्या गावांत त्या दिवसांत घराघरांत भाकरी थापल्या जातात. कुणासाठी? माहीत नाही. किती जणांसाठी? माहीत नाही. जो येईल तो माउली. तिथे 'किती जणांचं' हा रकाना भरायचा ठरवला तर काय लिहाल?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, तेराव्या श्लोकात भगवंत फार कडक बोलतात. जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते अन्न खात नाहीत, पाप खातात, असा त्याचा आशय. आणि सहाव्या अध्यायात तेच भगवंत म्हणतात, मोजकं खा. दोन्ही एकत्र ठेवून पाहा. एकीकडे मोजकं, दुसरीकडे वाटून. उपनिषदातही तसंच. एकीकडे अन्न पुष्कळ करावं आणि कुणाला परत पाठवू नये, आणि योगशास्त्रात पोटाचे चार भाग करून दोनच अन्नाला द्यावे. विरोध वाटतो ना?

विरोध नाही. युक्त हा शब्द खाणाऱ्याला आहे. पुष्कळ हा शब्द करणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला आहे. माप आपल्या ताटाला लावायचं, दुसऱ्याच्या ताटाला नाही आणि घरच्या पातेल्याला तर नाहीच. घेताना मोजून, देताना न मोजता. आपल्या हातून नेमकं उलटं होतं. घेताना अंदाज आणि देताना हिशोब.

म्हणूनच शंकराचार्यांनी दिलेला तो शब्द मला महत्त्वाचा वाटतो : आपल्या स्वतःच्या मापाचं. माप प्रत्येकाचं वेगळं. ऊसतोडीला जाणाऱ्याचं वेगळं, दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्याचं वेगळं, पोटुशी बाईचं वेगळं, साखर असलेल्या नानांचं वेगळं. दुसऱ्याचं ताट आपल्या काट्यावर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

आता नानांच्या चहाकडे येऊ. आकडा समजल्यावर नाना शांतच झाले होते. मी म्हटलं, "नाना, चहा कमी करा ना." ते म्हणाले, "अरे, दारात माणूस आलं की चहा टाकायचा. त्याला द्यायचा अन् आपण कोरडं बसायचं, ते बरं दिसतं का?" त्यांची अडचण जिभेची नव्हतीच. त्यांना वाटत होतं, चहा सोडला तर आतिथ्य सुटेल. साखर कमी करायची तर धर्म कमी करावा लागेल अशी गाठ पडली होती.

ती गाठ नानांनी स्वतःच सोडवली. आता माणूस आलं की चहा होतोच, पाहुण्याला त्याच्या आवडीचा, गोड. नाना अर्धा कप बिनसाखरेचा घेऊन शेजारी बसतात. पाहुण्याला संगतही मिळते आणि नानांचं मापही राहतं. कुणी विचारलं तर म्हणतात, "तुम्ही घ्या हो, माझं माप ठरलंय." कुणाला उपदेश नाही, की कुणाच्या साखरेकडे नजर नाही. मला सहाव्या अध्यायाचा सतरावा श्लोक नानांच्या त्या अर्ध्या कपात दिसतो.

आणखी एक सांगायलाच हवं. श्लोकात फार खाणाऱ्याबरोबर न खाणाऱ्यालाही तेवढंच स्पष्ट 'नाही' म्हटलंय. आकडा रोज थोडा खाली आणायचा, मग अजून खाली, जेवल्यावर अपराधी वाटायचं, चारचौघांत जेवायची भीती वाटायची, हे तप नाही. असं कुणाला होत असेल तर त्याने ॲप बंद करावं, घरच्यांशी बोलावं आणि डॉक्टरांना दाखवावं. त्यात भक्तीची काही हार नाही. तसंच उपवासाचं. एकादशी अन् दुप्पट खाशी हे जसं युक्त नाही, तसं आठवडाभर पोट जाळून त्याला साधना म्हणणंही युक्त नाही. ॲपमध्ये जेवणाचा रकाना मोठा असतो, पण श्लोकात आहाराबरोबर फिरणं, काम, झोप आणि जागही आहे. रात्री दोनपर्यंत रिलीजसाठी जागून सकाळी ओट्स मोजून खाल्ले तर एक रकाना युक्त झाला, बाकीचे चार राहिले. आणि सगळ्याचं फळ भगवंतांनी काय सांगितलं? कमी वजन नाही, दुःख नाहीसं होणं. नोंदीने दुःख वाढत असेल तर नोंद कुठेतरी चुकतेय.

आजचा छोटा अभ्यास :

एक, आज एका जेवणाची नोंद कच्च्या मापाने करा, तेलासकट. फक्त पाहा, स्वतःवर चिडू नका.

दोन, आज ज्यांनी स्वयंपाक केला त्यांच्याशी जेवणाबद्दल बोलताना प्रमाण सांगा, दोष नको. आणि एक गोष्ट खरोखर आवडली असेल तर ती आधी सांगा.

तीन, आज एका माणसापुरतं जास्त करा. कुणी आलं नाही तर सोसायटीच्या वॉचमनदादांना, डबा विसरलेल्या सहकाऱ्याला, कुणालाही द्या. आणि हे ॲपमध्ये लिहू नका.

हे पांडुरंगा, आमच्या ताटाला माप दे आणि आमच्या हाताला ते विसरू दे. शिजवणाऱ्याचा मान आमच्या जिभेवर राहू दे. आमच्या दारातून कुणी उपाशी परतू नये.

रामकृष्ण हरी.